थंड समुद्रात बुडालेली यॉट पाहायची तर: बडोदेकर डायव्हरसाठी तयारीपासून परतीपर्यंत

बारा मीटर लांबीची शिडाची यॉट म्हणजे दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याची ओसरी. वीस-बावीस मीटर खोल वाळूवर ती कुशीवर पडलेली असते आणि दहा मिनिटांत तिच्याभोवती चक्कर मारून होते. लोक तिला हलक्यात घेतात ते म्हणूनच. मोठ्या मालवाहू जहाजापुढे डायव्हर आपसूक दबकून वागतो. इथे तसं होत नाही. पण यॉट म्हणजे दोऱ्या, तारा आणि शिडाचं कापड यांचा गुंता, वर अडकलेली मासेमारीची जाळी. त्यातून सुटायला बोटं लागतात, आणि १० अंशांच्या पाण्यात सगळ्यात आधी निकामी होतात ती बोटंच. पुढची बहुतेक तयारी या एका गोष्टीभोवती आहे.

ठिकाण म्हणून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं प्लिमथ धरू. बडोद्याच्या बऱ्याच मराठी घरांतलं कुणी ना कुणी त्या देशात असतंच, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न निम्मा सुटलेला. तिथलं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये ९ अंशांच्या आसपास असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १६ च्या. समुद्र जमिनीपेक्षा उशिरा तापतो. मे महिन्यात किनाऱ्यावर छान ऊन पडलेलं असतं, पण पाणी अजून १२ वरच असतं. सुट्ट्या मेमध्ये मिळत असल्या तरी पहिल्या वेळेस सप्टेंबरच गाठावा.

आधी कुठे शिकायचं

किमान पात्रता अशी: ३० मीटरपर्यंतचं अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र, रेक डायव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचा, स्वतंत्र कोर्स, ड्रायसूटचा (पाणी आत येऊ न देणाऱ्या सूटचा) कोर्स आणि समुद्रातल्या निदान ३० डाइव्ह. ओपन वॉटर प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतच चालतं. ते घेऊन इथे येऊ नये.

बडोद्यात राहून यातलं काय जमेल? पोहण्याच्या तलावात तरंगण्याचा तोल, मास्क काढून घालणं, डोळे मिटून बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, ऑक्टोपस (हवा घ्यायचं जादा तोंड) शोधणं हे सगळं जमेल. लालबागसारखा चांगला तलाव आणि वेळ देणारा प्रशिक्षक हवा. उघड्या पाण्यातला सराव मात्र इथे नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, आजव्यातही आहेत, आणि त्यांना प्रमाणपत्र दाखवून उपयोग नसतो. समुद्रासाठी तारकर्ली किंवा गोवा. गोव्याला ग्रांड बेटाजवळचं सूझीज रेक उथळ आहे आणि तिथे पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. लोक त्याबद्दल कुरकुर करतात, पण प्लिमथलाही पाच-सहा मीटरपलीकडचं दिसेलच असं नाही. गढूळ पाण्याची सवय इथेच होते, तीही ऊबदार पाण्यात आणि कमी खर्चात.

बर्फाच्या टबातला सराव

हा सराव घरीच करायचा, आणि तो टाळून जाऊ नये. चाळीस-पन्नास लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या. त्यात ३० लिटर पाणी ओता. पाणी ३० अंशांवर असेल तर ते १० वर आणायला सुमारे ७ किलो बर्फ लागतो. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३५ च्या पुढे असतं. तेव्हा साडेआठ किलो धरा. बर्फ पूर्ण वितळू द्या, ढवळा, थर्मामीटर लावून बघा. अंदाजाने हे करू नये, कारण ५ अंश आणि १० अंश यांत हाताच्या दृष्टीने फार फरक आहे.

आता डाइव्हमध्ये घालणार तेच ५ मिलिमीटरचे ग्लोव्ह्ज घालून दोन्ही हात मनगटापर्यंत १५ मिनिटं बुडवून ठेवा. मग हात पाण्यातच ठेवून चार कामं करा: दुतोंडी क्लिप एका हाताने काढून पुन्हा अडकवणं, कातरीने ६ मिलिमीटरचा नायलॉन दोर कापणं, छोट्या रीळावरून तीन मीटर दोरी सोडून परत गुंडाळणं, स्लेटवर सिलिंडरचा आकडा लिहिणं. पहिल्या दिवशी दुसऱ्या कामालाच कातर निसटते. बोटांना जाणवत नाही एवढाच तो प्रश्न नसतो. बोटांची कातडी १५ अंशांच्या खाली गेली की स्नायू आणि नसा दोन्ही मंदावतात. कातर डोळ्यांना दिसते, पण मुठीत येत नाही. ज्या क्लिपा उघडल्या नाहीत त्या बदलून मोठ्या घ्या. कातरीच्या कड्यात ग्लोव्ह शिरत नसेल तर ती कातर घरच्या कामाला ठेवा.

बोटं पांढरी पडून बधिर होण्याचा त्रास, हृदयविकार किंवा न आटोपलेलं ब्लडप्रेशर असेल तर हा प्रयोग नको, आणि ती डाइव्हही नको. थंडी, घट्ट सूट आणि वाढलेला रक्तदाब एकत्र आले की पाण्यातच फुप्फुसांत द्रव साठू शकतो. श्रम न करता लागलेली धाप, खोकला आणि गुलाबी फेस ही त्याची लक्षणं. ती दिसली तर डाइव्ह तिथेच संपवायची, वर येऊन ऑक्सिजन घ्यायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. पन्नाशी उलटलेल्यांनी जाण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावीच.

सामान

पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. १६ अंशांत ७ मिलिमीटरचा वेटसूट एका डाइव्हपुरता चालून जातो, १० मध्ये ड्रायसूटच हवा. सूटच्या आत सुती कपडा घालायचा नाही. घाम शोषतो आणि ओला राहतो. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर जाड अंडरसूट. मानेचं सील फार घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब येऊन चक्कर येते. भाड्याचा सूट घालून किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहा, मान वळवा. डोकं हलकं वाटलं तर सूट बदलून मागा, भीड बाळगू नका.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणणारं साधन, थंड पाण्यासाठी बनवलेला हवा. त्याचं फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा भाग, सीलबंद असायला हवं. सिलिंडरमधली हवा दाब उतरताना एकदम गार होते. सीलबंद नसलेल्या फर्स्ट स्टेजच्या स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठतं, झडप उघडी अडकते आणि हवा भसाभसा सुटते. याला फ्री-फ्लो म्हणतात. गोव्याला वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला रेग्युलेटर इथे पहिल्याच डाइव्हला दगा देऊ शकतो तो याच कारणाने. सिलिंडर तिकडे डिन व्हॉल्व्हचे, म्हणजे रेग्युलेटर आट्यांनी बसवायचे, मिळतात. आपला रेग्युलेटर क्लँपचा असेल तर आधी विचारून घ्या. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच न्यायच्या.

कापायचं साधन एक नव्हे, दोन हवीत, आणि ती दोन्ही हातांनी पोहोचतील अशी: छातीवर कातर, मनगटावर किंवा कंबरपट्ट्यावर दोरा कापायचं आकडीचं पातं. पोटरीला बांधलेला मोठा सुरा फोटोत शोभून दिसतो, पण अडकलेला माणूस पोटरीपर्यंत वाकू शकत नाही. आणि हे लक्षात ठेवा की डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा यातल्या कशानेही कापल्या जात नाहीत. तारेतून फक्त मागे सरकून सुटता येतं.

फिन्सच्या पट्ट्यांची लोंबती टोकं चिकटपट्टीने बंद करा किंवा स्प्रिंगच्या पट्ट्या लावा. गेज, ऑक्टोपस, टॉर्च, सगळं अंगालगत. जे लोंबतं ते अडकतं.

वजन

बडोद्याच्या तलावात जुळलेलं वजन समुद्रात कमी पडतं. खारं पाणी अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून १०० किलो भरत असेल तर अडीच किलो शिसं वाढवावं लागतं. ड्रायसूटच्या अंडरसूटमधली हवा त्यावर आणखी मागते. किती, ते तिथल्या उथळ पाण्यात तपासायचं: सिलिंडरमध्ये ५० बार दाब असताना, सूटमधली हवा जवळपास सोडून देऊन, ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. भरलेल्या सिलिंडरवर हे तपासलं तर फसगत होते, कारण डाइव्हभर वापरलेल्या हवेचंच वजन ३ किलोच्या घरात असतं. तेवढे तुम्ही शेवटी हलके होता, आणि थांबायचं असतं नेमकं तेव्हा वर ओढले जाता.

हवेचा हिशेब

कागदावर करा, आदल्या रात्री.

२२ मीटरवर एकूण दाब ३.२ बार. गोव्यात तुम्ही पृष्ठभागाच्या मानाने मिनिटाला २० लिटर हवा वापरत असाल तर थंडीत २५ धरा. म्हणजे तळाशी मिनिटाला ८० लिटर. सिलिंडर १५ लिटरचा, भरला २३० बारला. पण भरताना तो गरम झालेला असतो. ३० अंशांवर दिसलेले २३० बार १० अंशांच्या पाण्यात गेल्यावर २१५ होतात. गळती शोधत बसू नका. हिशेबच २१५ पासून सुरू करा.

आता राखीव हवा. समजा तळाशी बडीची हवा संपली. दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ४० लिटर. सावरायला २ मिनिटं: ५१२ लिटर. ५ मीटरपर्यंत वर यायला २ मिनिटं: ३७६. तिथे ३ मिनिटांचा थांबा: ३६०. शेवटचं एक मिनिट: १००. बेरीज १३४८ लिटर, म्हणजे ९० बार. वर थोडं ठेवून १०० बार. गेजवर १०० दिसले की वर निघायचं, यॉट कितीही सुंदर असो. उरलेले ११५ बार म्हणजे १७२५ लिटर. मिनिटाला ८० ने तळाशी साडेएकवीस मिनिटं. उतरण्याचा वेळ धरून वीस. ‘५० बारवर वर या’ ही ऊबदार, उथळ पाण्यातली सवय इथे दोघांनाही पुरत नाही.

आत शिरायचं म्हटलं तर एक तृतीयांशाचा नियम सांगतात: एक भाग आत जायला, एक परत यायला, एक राखीव. २१५ चा तिसरा भाग सुमारे ७२. दोन माणसांना वर आणायला लागणारे ९० त्यात बसत नाहीत. एका सिलिंडरवर यॉटच्या आत जाऊ नये असं आम्ही म्हणतो ते धाडस कमी म्हणून नव्हे, हा आकडाच तसा आहे.

नो-डेको वेळेसाठी, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न लागता तळाशी राहता येईल तेवढ्या वेळेसाठी, थंडीत खोली ४ मीटरने जास्त धरून कोष्टक वाचायचं. डाइव्हचा संगणक वापरत असाल तर त्याची सेटिंग सावध बाजूला ठेवा.

दिवस निवडताना कालनिर्णय उघडा

प्लिमथला उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. आपल्याला हे आकडे नवे नाहीत. खंभातच्या आखातात त्याच्या दुप्पट भरती येते आणि कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराची पिंड रोज दोनदा पाण्याखाली जाते. तिथे उभं राहून ओहोटीचं पाणी सरकताना पाहिलं असेल तर प्रवाह म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अशा पाण्यात फिन्स मारून यॉटजवळ टिकता येत नाही. तुम्ही तारांवर ढकलले जाता.

म्हणून दिवस भांगाचा, म्हणजे पाणी कमीत कमी चढतं-उतरतं तो, निवडायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांनी उधाण, अष्टमीच्या एक-दोन दिवसांनी भांग. हे गणित कोकणातला कोळी सांगतो तेच तिकडेही चालतं. दिवस कालनिर्णयवरून ठरवा, पण वेळ तिथल्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून आणि बोटीच्या कप्तानाकडून. भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तो अर्धा-पाऊण तास आपला. पाणी थांबण्याआधी दहा मिनिटं तयार होऊन बसायचं. कुठली यॉट, किती खोल, डोलकाठी उभी की पडलेली, जाळी अडकलीय का, हे सगळं कप्तानाला विचारा. अलीकडेच बुडालेल्या, चौकशी चालू असलेल्या यॉटजवळ जायचंच नाही. आणि पहिल्या दोन डाइव्ह यॉटवर करू नका. जवळच व्हिटसँड बेमध्ये १९४५ साली टॉर्पेडो लागून बुडालेलं ‘जेम्स ईगन लेन’ हे जहाज आहे आणि २७ मार्च २००४ रोजी मुद्दाम बुडवलेली ‘सिला’ ही फ्रिगेट (युद्धनौका) आहे. सूट आणि वजन तिथे बाहेरून फिरताना जुळवून घ्या.

पाण्यात

बोटीवर थंड हवेत रेग्युलेटर तोंडात धरून तपासण्या करत बसू नका. श्वासातली वाफ आत गोठते. पाण्यात उतरा, चेहरा ओला करा, श्वास संथ होऊ द्या, मग खाली. हूडमध्ये पाणी एकाच कानात शिरलं तर जग गरगर फिरतं. शॉटलाइन, म्हणजे बॉयपासून तळापर्यंतचा दोर, धरून थांबा. पाणी कानात कोमट झालं की मिनिटाभरात थांबतं.

उतरताना सूटमध्ये हवा थोडी थोडी, टिचकीभर भरत जा. सूट, बीसीडी (तरंगण्यासाठी फुगवायचं जॅकेट) आणि श्वास एकाच क्षणी हवा ओढू नयेत. फ्री-फ्लोचं दुसरं कारण हेच.

शॉटलाइन यॉटच्या अगदी वर पडलेली असेल तर शेवटचे पाच मीटर उतरण्याआधी थांबून टॉर्चने खाली बघा. डोलकाठी उभी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंनी तारा तंबूसारख्या खाली येतात. त्या तंबूच्या आत उतरायचं नाही. तीन-चार मीटर बाजूला वाळूवर या आणि पहिली पूर्ण चक्कर लांबून मारा. यॉटला हात न लावता. शिडं कुठे लोंबतायत, दोऱ्या कुठल्या बाजूला वाहतायत, माशांचा दोरा कुठे चमकतोय ते टिपा. मासेमारीचा पारदर्शक दोरा समोरून दिसत नाही. टॉर्च तिरकी धरली की दिसतो. फुटलेल्या फायबरग्लासच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात आणि ड्रायसूटला एक ओरखडा पुरतो.

दुसरी चक्कर जवळून, आणि इथे खरी मजा आहे. सुकाणू, प्रोपेलर, गंजून संपत आलेला जस्ताचा तुकडा. फायबरग्लास गंजत नाही, म्हणून कूस अजून गुळगुळीत असते, पण अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचे खिळे जिथे बसवलेत तिथे धातू पांढरा होऊन फुगलेला दिसतो. खिडक्यांच्या चौकटीत काँगर ईल या सापासारख्या लांब माशाचं तोंड दिसेल. केबिनमध्ये दारातूनच टॉर्च टाकून पाहा. आतलं प्लायवूड भिजून थरांत सुटलेलं असतं, छताचं अस्तर आणि वायरी लोंबत असतात, गाद्यांचा फोम वर चिकटलेला असतो. तुमचे बुडबुडे छताला लागले की हे सगळं खाली येतं आणि गाळ उठून दरवाजा दिसेनासा होतो. १९ ऑगस्ट २०२४ रोजी सिसिलीजवळ बुडालेल्या ‘बेझियन’ या यॉटमध्ये सात माणसं गेली; ती ५० मीटरवर होती आणि प्रशिक्षित इटालियन पाणबुड्यांनाही आतल्या सामानातून वाट काढणं जड गेलं होतं.

डेकवर पांढरा गोल किंवा चौकोनी डबा बांधलेला दिसला तर तो लाइफराफ्टचा. त्यातून निघालेली दोरी ओढायची नाही. राफ्ट फुगला तर तुम्हाला घेऊन वर जाईल. आपोआप फुगणारी लाइफजॅकेटं आणि धोक्याच्या इशाऱ्याच्या फटाक्यांनाही हात लावू नका.

काही बिघडलं तर

अडकलात: थांबा. वळून बघू नका, वळलं की दोरा सिलिंडरभोवती गुंडाळला जातो. एक श्वास, मग आलात त्याच रेषेत अर्धा मीटर मागे. सुटलं नाही तर टॉर्चने बडीला खुणवा. सोडवायचं काम बडीचं. त्याला दिसतं, तुम्हाला नाही. तो कापेल तेव्हा हात छातीशी.

फ्री-फ्लो: बडीचा ऑक्टोपस घ्या, शॉटलाइन धरा, वर चला. डाइव्ह संपली. पूर्ण सुटलेला सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो.

पाय वर गेले, सूटमधली हवा बुटांत भरली: गुडघे पोटाशी घ्या, लोळून सरळ व्हा, दंडावरचा व्हॉल्व्ह सर्वांत उंच ठेवून हवा सोडा. हा सराव ड्रायसूट कोर्समध्ये तलावात दहा वेळा करून घ्या.

अंगठा करंगळीला लागेना: डाइव्ह संपली, हवा कितीही शिल्लक असो. दर पाच मिनिटांनी बडीला करून दाखवा.

वर येताना आणि नंतर

शॉटलाइनवरून वर, मिनिटाला ९ मीटरपेक्षा संथ, ५ मीटरवर ३ मिनिटं. लाइन सापडली नाही तर डीएसएमबी, म्हणजे खालून फुगवून वर सोडायचा नारिंगी फुगा, हात चालतायत तोवर सोडा. शेवटच्या मिनिटावर ठेवू नका. तळाशी ऊब आणि वर येताना थंडी ही जोडी नायट्रोजन बाहेर पडायला वाईट, म्हणून कुडकुडायला लागण्याआधीच निघावं. बोटीवर लगेच कडकडीत गरम पाण्याने आंघोळ नको. कोरडे कपडे, टोपी, थर्मासमधला आल्याचा चहा आणि पाणी. थंडीत लघवी जास्त होते आणि तहान लागत नाही, तरी पाणी प्यायचं. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा: ऑक्सिजन लावा, व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकावर तटरक्षकांना कळवा. हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन देऊन उपचार करायची खोली, प्लिमथमध्येच आहे.

यॉटवरून काहीही उचललं, अगदी पितळेची क्लिप जरी, तर १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानुसार ते २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. न उचलणं सोपं.

एकच डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी १२ तास, अनेक केल्या तर १८. आम्ही पूर्ण दिवस ठेवायला सांगतो; नाहीतरी सूट वाळायला तेवढा लागतोच. स्वतःचा सूट असेल तर गोड्या पाण्याने धुऊन उलटा वाळवा, झिपला मेण लावा आणि बडोद्याला आल्यावर माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात माळ्यावरच्या उकाड्यात लॅटेक्सची सीलं चिकट होऊन फाटतात. सीलांना टाल्कम पावडर लावून, सूट सैल गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. फ्रिजच्या मागे किंवा इन्व्हर्टरशेजारी नको, तिथली उष्णताही रबर खाते.